पटावरचे नाव

बाळ जन्माला आले की बाराव्या दिवशी त्याला पाळण्यात घालतात. आत्या त्याच्या कानात हळूच नाव सांगते, घुगऱ्या वाटल्या जातात, आणि त्या क्षणापासून ते बाळ घराचे, गणगोताचे, गावाचे होते. परंतु नाव नुसते ठेवून भागत नाही. ते कोणीतरी रोज मायेने हाकारावे लागते. ज्या मुलाला कोणी नावाने हाक मारीत नाही, ते मूल हळूहळू स्वतःलाच विसरू लागते. माझी सारी हयात शिक्षकाच्या व्यवसायात गेली. त्या हयातीत मी इतरांना काय शिकविले ते माझे विद्यार्थी सांगोत. पण मी स्वतः जे शिकलो, ते मात्र या एका गोष्टीत सामावलेले आहे.

ही शिकवण मला प्रथम मिळाली ती माझ्या आजोबांकडून. आजोबांना अक्षरओळख नव्हती. त्यांच्या तरुणपणी यवतमाळहून मूर्तिजापूरला एक लहानशी, अरुंद रुळांची आगगाडी जात असे. लोक तिला कौतुकाने ‘शकुंतला’ म्हणत. आता ती गाडी धावत नाही. परंतु आमच्या घरात तिची आठवण पुष्कळ दिवस टिकली, कारण त्याच गाडीने जाऊन आजोबांनी एकदा गाडगेबाबांचे कीर्तन ऐकले होते. ते म्हणत, “रात्री कीर्तन होतं, पण बाबा सकाळपासूनच गाव झाडत होते. कीर्तन ऐकाले आलेले लोक त्यांच्या हाती खराटा पाहून लाजले, अन् त्यांच्यासंगं झाडू लागले. देव मले त्या रात्री नाही, सकाळीच भेटला.”

मी लहान होतो. मी विचारीत असे, “आजोबा, देव सकाळी कसा भेटला?” ते नुसते हसत. त्या हसण्याचा अर्थ कळावयास मला मोठे व्हावे लागले.

गाडगेबाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे झाला. त्यांचे नाव डेबूजी. वडील व्यसनापायी अकाली गेले, आणि आई सखुबाई आपल्या लेकराला घेऊन माहेरी आली. मामाच्या घरी डेबूजीने गुरे राखली, नांगर धरला. शाळेची पायरी मात्र त्याला चढावयास मिळाली नाही. पुढे १९०५ साली घरदार सोडून तो बाहेर पडला. अंगावर चिंध्या, एका हातात खराटा आणि दुसऱ्या हातात मातीचे गाडगे, एवढाच त्याचा संसार. त्या गाडग्यावरूनच लोक त्याला गाडगेबाबा म्हणू लागले. वाटसरूंसाठी, रोग्यांसाठी, गोरगरिबांसाठी त्यांनी ठिकठिकाणी धर्मशाळा उभारल्या. मात्र स्वतःसाठी एक झोपडीही बांधली नाही. हा न शिकलेला संत प्रत्येक कीर्तनात आयाबापांना एकच विनवणी करी : हवे तर जेवणाचे ताट विका, भाकरी हातावर घेऊन खा, पण मुलाला शाळेत घातल्यावाचून राहू नका. २० डिसेंबर १९५६ रोजी त्यांनी देह ठेवला. आज अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे, आणि आमच्या यवतमाळ जिल्ह्यातील महाविद्यालये त्याच विद्यापीठाशी जोडलेली आहेत. ज्याला शाळा मिळाली नाही, त्याच्या नावाने हजारो मुलामुलींना पदव्या मिळतात. याहून मोठे स्मारक ते कोणते?

मी शिक्षक झालो तेव्हा माझी पहिली नेमणूक यवतमाळ जिल्ह्यातीलच एका लहान खेड्यात झाली. आमचा जिल्हा कापसाचा. दसरा-दिवाळीच्या सुमारास काळ्या रानात पांढरी बोंडे फुटतात, आणि वणीपासून दिग्रसपर्यंत सारी वावरे चांदणे सांडल्यासारखी दिसू लागतात. वाटसरू ती शोभा पाहून हरखून जातो. परंतु ते चांदणे वेचावयास हात लागतात. आणि त्या काळी त्यांतील कितीतरी हात तुमच्याएवढ्या मुलांचे असत. दूरदूरच्या खेड्यांतून मजुरांची कुटुंबे वेचणीसाठी येत आणि गावाबाहेर, नाल्याच्या काठी पाले ठोकून राहत. आईच्या कमरेला कापसाची ओटी, आणि तिच्या मागे तिचे मूल. बोंडाची वाळलेली टोके काट्यांसारखी असतात. दिवसभर वेचून त्या मुलांची बोटे ओरखडून जात.

सायंकाळी गावात दोन ठिकाणी उजेड दिसे. एक मारुतीच्या देवळात, जेथे भजनी मंडळी जमत. आणि दुसरा नाल्याकाठी, जेथे पालांपुढे चुली पेटत. या दोन उजेडांमध्ये दोनशे पावलांचे अंतर होते. परंतु इकडचा माणूस तिकडे जात नसे आणि तिकडचे मूल इकडे येत नसे. ती मुले दुरूनच मृदंग ऐकत उभी राहत. त्यांना गावात नाव नव्हते. कोणी म्हणे ‘वेचणीवाल्यांची पोरं’, कोणी म्हणे ‘नाल्यावरची’. माझ्या शाळेच्या पटावरही ती नव्हती, कारण ती या गावची नव्हती. आणि ज्या गावची ती होती, तेथील पटावर नाव असले तरी त्यापुढे गैरहजेरीच मांडली जात असणार.

एके रात्री देवळात बसलो असता मृदंगाच्या तालावर माझे मन लागेना. ‘देव मले सकाळीच भेटला,’ हे आजोबांचे शब्द मनात घुमू लागले. भजन संपल्यावर मी भीतभीतच मंडळींपुढे उभा राहिलो आणि म्हणालो, “भजनापूर्वी तासभर मला देवळाची ओसरी आणि कंदील द्याल का? नाल्यावरच्या मुलांना मी शिकवीन.”

सारे गप्प झाले. कोणी म्हणाले, “देऊळ मळेल.” कोणी म्हणाले, “महिना-दोन महिन्यांची पाखरं ती, उडून जातील. त्यांना शिकवून काय होणार?” तेव्हा मंडळींत सर्वांत वडील असलेले, टाळ वाजविणारे एक बाबा उठले. कंदील त्यांनी खुंटीवरून काढला, माझ्या हाती दिला आणि म्हणाले, “देवाच्या उजेडात लेकरं शिकली, तं देवाले काय राग येते? ओसरी मळली, तं सकाळी मी झाडीन.”

दुसऱ्या दिवशी सायंकाळी सात मुले आली; तीही पायरीखालीच उभी राहिली. मी हाताला धरून त्यांना वर आणले. मग मी एक नवी वही उघडली आणि शाळेत आखतो तसा पट आखला. प्रत्येकाला पूर्ण नाव विचारले; स्वतःचे, वडिलांचे आणि आडनावही. त्यांच्यापैकी एक दहा-अकरा वर्षांची मुलगी काही केल्या बोलेना. तिच्या कडेवर धाकटा भाऊ होता. इतर मुले म्हणाली, “गुरुजी, ते मुकी आहे.” मी तिच्या भावाच्या हातात गुळाचा खडा दिला आणि तिच्यासाठी पटावर एक ओळ मोकळी सोडली. “ही ओळ तुझी आहे, बाई,” मी म्हणालो, “तुला वाटेल तेव्हा नाव सांग.”

चार दिवस ती ओळ मोकळीच राहिली. पाचव्या दिवशी ती माझ्याजवळ आली, वहीवर बोट ठेवले आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, “माह्यं नाव बी लिहा न जी.” ती मुकी नव्हती. तिला नावाने कोणी विचारलेच नव्हते, म्हणून तिने उत्तर दिले नव्हते, इतकेच! तिचे नाव मी ठळक अक्षरांत लिहिले आणि मोठ्याने हाक मारली. ती ‘हजर’ म्हणाली. त्या एका शब्दाने माझ्या अंगावर जो रोमांच उभा राहिला, तसा पुढे कोणत्याही सत्काराने राहिला नाही.

त्या मुलांना मी दया दाखवीत नसे. दया पुष्कळदा वरून खाली वाकून पाहते, आणि जिच्याकडे ती पाहते त्या माणसाला अधिकच लहान करते. मी त्यांना काम देत असे. कोणी फळा पुसे, कोणी कंदिलाची काच स्वच्छ करी, कोणी धाकट्यांकडून बाराखडी म्हणवून घेई. ती मुलगी आकडे शिकली. वेचणीचा कापूस रोज सायंकाळी काट्यावर मोजत, आणि जितके किलो भरे तितकी मजुरी मिळे. एके दिवशी आईचे गाठोडे काट्यावर चढले, तेव्हा तिने आकडा वाचला आणि मोठ्याने म्हणाली, “बावीस!” आईने चमकून तिच्याकडे पाहिले. वावराचा मालकही थांबला. तो हसून म्हणाला, “वा पोरी! उद्यापासून सगळ्यांचे आकडे तूच सांग.” दुसऱ्या दिवसापासून ती काट्याजवळ उभी राहू लागली. आता तिला मुकी म्हणणारे कोणी उरले नव्हते.

माघ उजाडला, वेचणी उरकली आणि पाले उठण्याची वेळ आली. महिना-दोन महिन्यांची पाखरे उडून जातील, हे शब्द खरे ठरत होते. मग एवढ्या खटाटोपाचा उपयोग काय, असे माझ्याही मनाला वाटून गेले. परंतु गाडगेबाबा तरी एका गावी किती दिवस राहत? एक दिवस गाव झाडावे, एक रात्र कीर्तन करावे आणि पहाटे पुढची वाट धरावी, हाच त्यांचा क्रम. गाव पुन्हा अस्वच्छ होईल, म्हणून त्यांनी खराटा खाली ठेवला नाही. जे आज आपल्यापुढे आहे ते आज करावे, उद्याची चिंता ज्याची त्याच्यावर सोपवावी, यालाच श्रद्धा म्हणतात. मी प्रत्येक मुलासाठी एक चिठ्ठी लिहिली. त्याचे पूर्ण नाव, तो किती दिवस शिकला आणि त्याला काय काय येते, हे तीत नोंदविले. “तुमच्या गावच्या गुरुजींना ही दाखवा,” असे सांगून निरोप दिला.

पुढच्या वर्षी कार्तिकात पुन्हा पाले पडली. सातांपैकी चारच मुले परत आली. तीन कोठे गेली ते कळले नाही. ती मुलगी आली होती. फ्रॉकच्या खिशातून तिने चौघडी घातलेली, घामाने पिवळी पडलेली ती चिठ्ठी काढली. तिच्या खाली तिच्या गावच्या गुरुजींनी दोन ओळी लिहिल्या होत्या : मुलगी चौथीत बसविली आहे. भावालाही आकडे शिकविते. ती चिठ्ठी वाचली त्याच दिवशी मला माझे काम सापडले. नोकरी पूर्वीच मिळाली होती. काम त्या दिवशी मिळाले. त्यानंतर जेथे जेथे बदली झाली, तेथे तेथे मी एक मोकळी वही आणि एक कंदील बरोबर नेला.

अशी श्रद्धा एकाच पंथाची मिरास आहे, असे मात्र कोणी समजू नये. पंडिता रमाबाईंचे चरित्र पाहा. त्यांचा जन्म १८५८ सालचा. त्या सोळा वर्षांच्या असताना दुष्काळाने त्यांचे आईवडील हिरावून नेले, आणि भावाबरोबर अनवाणी देशभर भटकण्याची पाळी त्यांच्यावर आली. पुढे त्या थोर विदुषी झाल्या आणि १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८९६-९७ साली मध्य प्रांतात भयंकर दुष्काळ पडला. त्या बातमीने रमाबाईंना आपलेच बालपण आठवले असेल. त्या स्वतः तेथे गेल्या आणि शेकडो अनाथ मुलींना त्यांनी महाराष्ट्रात आणले. पुण्याजवळच्या केडगाव येथे त्यांनी ‘मुक्ती’ नावाची संस्था उभारली. तेथे मुलींना नुसते अन्न मिळाले नाही; त्या विणकाम शिकल्या, शेती शिकल्या, छापखाना चालवू लागल्या, आणि अंध मुलींसाठी उठावदार ठिपक्यांच्या ब्रेल लिपीचे शिक्षणही तेथे सुरू झाले. उपाशी मुलीला भाकर देणारा हात मोठाच. परंतु उद्याची भाकर तिची तिला मिळविता यावी म्हणून धडपडणारा हात त्याहून मोठा.

आणि आता नावाच्या गोष्टीकडे पुन्हा वळू. अमरावती जिल्ह्यात, अचलपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी वझ्झर नावाचे गाव आहे. तेथे शंकरबाबा पापळकर यांनी एक बालगृह उभारले. शंकरबाबा हे गाडगेबाबांचे निस्सीम अनुयायी. काही मुले दृष्टिहीन जन्मतात, काहींना ऐकू येत नाही, काहींची बुद्धी मंद असते. आणि अशा मुलांपैकी काहींना त्यांचेच जन्मदाते स्थानकावर, रस्त्याच्या कडेला किंवा उकिरड्यावर टाकून जातात. ज्यांना कोणीही नाही अशा शंभराहून अधिक मुलामुलींना शंकरबाबांनी आपल्या घरी आणले. कागदावर वडिलांचे नाव लिहावयाची वेळ आली, तेव्हा त्यांनी प्रत्येकापुढे स्वतःचे नाव लिहविले. ज्यांना आडनाव नव्हते, ती सारी ‘पापळकर’ झाली! या मुलांनी वझ्झरच्या उजाड माळावर हजारो झाडे लावली आणि जोपासली. ज्यांना लोकांनी टाकून दिले होते, त्यांनी भूमीला हिरवी छाया दिली.

मूल अठरा वर्षांचे झाले की त्याला बालगृह सोडावे लागते, असा कायद्याचा दंडक आहे. परंतु जे मूल अठराव्या वर्षीही आपल्या हाताने जेवू शकत नाही, त्याने कोणाच्या दारी जावे? वयाच्या मर्यादेने बाप आपल्या लेकराला घराबाहेर काढतो का? हा प्रश्न शंकरबाबा शासनापुढे सतत मांडीत आले. २०२४ साली राष्ट्राने त्यांना ‘पद्मश्री’ देऊन गौरविले. आणि त्याच वर्षी त्यांची एक जन्मांध मानसकन्या राज्याच्या लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाली. जिचे नाव जगात कोणालाही ठाऊक नव्हते, तिचे नाव निकालाच्या यादीत छापून आले. कोणा आत्याने ते तिच्या कानात सांगितले नव्हते. परंतु ज्याने दिले त्याने ते जन्मभर हाकारले.

बालमित्रांनो, तुम्ही म्हणाल, आम्ही लहान. आम्हांला कोठे धर्मशाळा बांधता येते, कोठे बालगृह चालविता येते? खरे आहे. परंतु तुमच्या वर्गातही एखादा मुलगा असेल, जो आठ-आठ दिवस येत नाही, आणि आला तरी मागच्या बाकावर मान खाली घालून बसतो. एखादी मुलगी असेल, जिला सर्वजण काही टोपणनावानेच चिडवितात. त्याचे खरे नाव तुम्हांला ठाऊक आहे का? तिचे घर कोठे, ती घरी कोणाला सांभाळते, हे कधी विचारले आहे का? उद्या त्याच्याजवळ जा आणि त्याला त्याच्या नावाने हाक मारा. राहिलेला धडा त्याला दाखवा. पण त्याच्याकडूनही काहीतरी शिका, कारण त्याला येते आणि तुम्हांला येत नाही, असे पुष्कळ काही असेलच.

आपले जीवितकार्य कोणते, हे शोधीत माणसे दूरदूर फिरतात. ते कधी कधी अवघ्या दोनशे पावलांवर, दुसऱ्या उजेडाशी उभे असते आणि कोणीतरी आपल्याला नावाने हाक मारील म्हणून वाट पाहत असते. आजोबा का हसत, हे आता मला कळते. देव सकाळी भेटतो, सायंकाळीही भेटतो. आपल्या पटावर त्याच्यासाठी एक ओळ मोकळी असली म्हणजे झाले.